अनुभव (जि. वाशिम)

मालेगाव हे नाव एकट्यानं कधीच पुरत नाही. कुठंही उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या कानात यंत्रमाग खडखडू लागतात आणि तो सरळ नाशिक जिल्ह्यात जाऊन उभा राहतो. तिथून त्याला हाताला धरून तीनेकशे किलोमीटर पूर्वेला आणावं लागतं: "ते नव्हे, वाशिमचं." म्हणून इथला माणूस गावाचं नाव लिहितो आणि लगेच कंस उघडतो. लग्नपत्रिकेवर कंस, कुरिअरच्या पत्त्यावर कंस, पोराच्या कॉलेजच्या फॉर्मवर कंस. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तेव्हा सगळ्या तालुक्यानं कंसातला मजकूर बदलला, कंस मात्र जागचा हलला नाही. जुन्या माणसांना तेवढ्यानंही भागत नाही, ती 'मालेगाव जहांगीर' म्हणतात, म्हणजे कंस नावातच ओतून टाकतात. एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांचा असतो, हे या गावाला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि तरीही, एखाद्या गिर्यारोहण कंपनीचा फॉर्म समोर आला, दहा-बारा दिवसांत हिमनदीवरून शिखरावर नेऊन आणणारी सहल असली, की 'पूर्वानुभव' या रकान्यात हाच माणूस बेधडक लिहितो: 'भरपूर'. कंस नाही, जिल्हा नाही, काही नाही. हिमनदीची सहल निवडताना माणसं चुकतात ती बहुतेक इथंच. डोंगराची माहिती हल्ली मोबाइलवर ढिगानं मिळते. आपल्या अनुभवापुढचा कंस भरून देणारं ॲप अजून निघालेलं नाही.

आधी एक शंका मोकळी करू. मालेगावच्या माणसानं हिमनदीवर जायचंच कशाला? या गावात बर्फ येतो तो लादीच्या रूपानं, पोत्यात गुंडाळून, रसवंतीच्या दारात. टोच्या उचलून लादीची कड उडवणारा रसवंतीवाला हे आइस ॲक्सचं, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीचं, तालुक्यातलं एकमेव प्रात्यक्षिक. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात गेला की त्या लादीकडं माणसं ज्या नजरेनं बघतात, ती नजर कुठल्याही गिर्यारोहकाची असू शकते. ओढ खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. हसण्याजोगी आहे ती निवड करायची रीत.

ती रीत म्हणजे आकडा बघणं. किती मीटर? सहा हजार? मग घ्या. पंचहजारी, सहाहजारी या पदव्या पूर्वी मोगल दरबारात मनसबदारांना मिळत, हल्ली त्या मनालीत मिळतात. जहांगीर म्हणवणाऱ्या गावाला त्यांचं आकर्षण वाटलं तर नवल नाही. पण उंचीचा आकडा अवघडपणाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. किलिमांजारो ५८९५ मीटर, मॅटरहॉर्न ४४७८. आकड्यावर विसंबलं तर मॅटरहॉर्न ही किलिमांजारोची धाकटी, गरीब बहीण ठरते. प्रत्यक्षात किलिमांजारोवर धडधाकट माणूस मळलेल्या वाटेनं चालत जातो. मॅटरहॉर्नवर एका गाइडच्या दोराला एकच पाहुणा बांधतात, कारण दुसरा बांधला तर तिघांचंही खरं नाही. आपल्याकडंही तेच. बारालाचा खिंडीजवळचं युनाम शिखर ६१११ मीटरचं, पण त्याची बरीचशी चढण दगडगोट्यांच्या घसाऱ्यावरून; दम पुरा काढतं, कसब फार मागत नाही. मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर ५२८९ मीटरचं, म्हणजे त्याच्यापेक्षा आठशे मीटरनं बुटकं, पण तिथं खराखुरा बर्फ आहे, भेगा आहेत, हिमकडा सुटेल असे उतार आहेत. नाव फ्रेंडशिप असल्यामुळं लोकांना वाटतं, ओळखीवर काम होईल.

आकड्याच्या खालोखाल विश्वास बसतो तो शब्दावर. आल्प्समध्ये फ्रेंचांनी वाटांची प्रतवारी लावून ठेवली आहे: एफ म्हणजे सोपी, पीडी म्हणजे 'फारशी अवघड नाही', एडी म्हणजे 'बऱ्यापैकी अवघड', आणि पुढं चढत्या भाजणीनं. गंमत अशी की पीडीच्या वाटेवर दोर, क्रॅम्पॉन, आइस ॲक्स सगळं लागतं. हे थेट आपल्या खेड्यात वाट विचारल्यासारखं झालं: "हे काय, इथंच तं हाये!" म्हणणाऱ्याच्या दृष्टीनं ते इथंच असतं, कारण तो रोज जातो. आपल्याकडच्या जाहिरातींना तर तेवढ्या पायऱ्याही परवडत नाहीत, त्या 'मध्यम' या एका शब्दावर भागवतात. मध्यम म्हणजे काय हे शेतकऱ्याइतकं कोणाला कळणार? विकायला काढलेली जमीन भारी असते, नुकसानभरपाईचा पंचनामा करताना तीच हलकी होते, आणि जिचं पक्कं काहीच सांगायचं नसतं ती मध्यम. 'मध्यम' लिहिणारा बहुधा खोटं बोलत नसतो. तो फक्त कोणासाठी मध्यम, हा कंस गाळतो, आणि वाचणारा तो कंस आपल्या सोयीनं भरतो.

आता हा कंस भरायचा कसा, याची पद्धत मालेगाव तालुक्यात दरवर्षी मे अखेरीस घरोघर वापरली जाते; फक्त ती डोंगरासाठी वापरायची कोणाला सुचत नाही. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून पेरायचं असेल तर ढिगातून सरसकट शंभर दाणे मोजून घेतात. सरसकट, निवडून नव्हे. यातच निम्मी अक्कल आहे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा टाकायचा, हलक्या हातानं गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाण्याचा हबका मारायचा. सहा-सात दिवसांनी ती गुंडाळी उलगडताना घरातलं मोठं माणूस खाली वाकतं आणि एक बोट दाण्यावरून दाण्यावर सरकत जातं. काहींना पांढरे, जाड, बाकदार मोड आलेले असतात. काही काळे पडून बुळबुळीत झालेले. आणि काही तसेच बसलेले, पिवळेधमक, फुगलेले, दिसायला सगळ्यांत देखणे, पण आत जीव नाही. सोयाबीनचं साल नाजूक. मळणीयंत्रात फेरे जास्त झाले, पोतं उंचावरून आदळलं, की दाणा बाहेरून शाबूत राहतो आणि आतलं बीज मरतं. शंभरात सत्तर उगवले तर एकरी तीस किलोच्या हिशेबानं पेरा. कमी उगवले तर बियाणं वाढवा. फारच कमी उगवले तर ते बियाणं म्हणून विसरा, तेलाच्या गिरणीची वाट धरा. या हिशेबात कोणी रागावत नाही, दाण्याचा अपमान झाला असंही कोणाला वाटत नाही.

अनुभवाचे शंभर दाणे असेच सरसकट काढून ओल्या पोत्यावर मांडले तर काय दिसेल? 'चिखलदरा केला' हा दाणा टपोरा दिसतो, पण गाडीनं देवी पॉइंटपर्यंत जाऊन रबडी खाल्ली असेल तर त्याला मोड येणार नाही. 'नरनाळा किल्ला पाठीवर बोजा घेऊन, पावसात, रात्री जंगलाच्या कडेला मुक्काम करून' याला येईल. 'केदारनाथ केलं' याचे तर तीन वेगवेगळे दाणे आहेत: चालत, घोड्यावर आणि हेलिकॉप्टरनं. देवाच्या दारी तिन्ही सारखे, डोंगराच्या दारी नाहीत. चालत गेलेल्यानं एक फार मोलाची गोष्ट कमावलेली असते. साडेतीन हजार मीटरवर रात्र काढली तर आपलं डोकं दुखतं का, भूक मरते का, झोप लागते का, याचा त्याच्याकडं पुरावा असतो. मंदिर आहे ३५८३ मीटरवर, आणि तिथं झोपलेल्या माणसाला आपल्या फुप्फुसांबद्दल जे ठाऊक असतं ते शहरातल्या जिमची दोन वर्षांची पावती सांगू शकत नाही. म्हणून केदारनाथला हसू नये. फक्त कंसात 'पायी, मुक्कामासह' असं लिहावं.

इथं सह्याद्रीवाले हरकत घेतात, आणि त्यांची हरकत वजनदार आहे. शंभर किल्ले पालथे घातले, पावसाळ्यात कोकणकड्याच्या टोकावर वारा खाल्ला, रात्री-अपरात्री कळसूबाई चढलो, हा अनुभव नव्हे तर काय? अनुभवच आहे, आणि पायांच्या ओळीतले दहाच्या दहा दाणे त्यानं उगवतात. पण कळसूबाई, महाराष्ट्राचं छप्पर, १६४६ मीटरवर संपतं. आपल्या विदर्भातलं मेळघाटातलं वैराट तर बाराशेच्या आतच. हिमनदीच्या सहलीत बेस कॅम्पच कळसूबाईच्या दुपटी-तिपटीवर लागतो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे दर श्वासात अर्धीच मजुरी मिळते आणि काम मात्र दुप्पट. तिथं चपळ माणूस उलट जास्त गोत्यात येतो. तो पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढं पळतो आणि तिसऱ्या दिवशी तंबूत डोकं धरून बसतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा दंडक आहे. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेल्यापासून १२० च्या वेगाची चटक लागलेल्यांना ही मर्यादा जाचक वाटेल. पण याच तालुक्यातून शेगावची गजानन महाराजांची पालखीही जाते: पातूर, मेडशी, डव्हा, मालेगाव, शिरपूर जैन, रिसोड, अशी गावं घेत घेत, महिनाभर चालून पंढरपूर. त्या वाटेवर, दोन मुक्काम गाळून पुढं गाठू, असं कोणी म्हणत नाही. कंपनीचा कार्यक्रम हातात आला की शिखराचा दिवस शोधण्याआधी मुक्कामांच्या उंच्या एकाखाली एक मांडून वजाबाकी करावी. जिथं वजाबाकी आठशे-हजार येते, तिथं कंपनीनं तुमच्या सुट्ट्या वाचवल्या आहेत आणि खर्च तुमच्या मेंदूच्या खात्यावर टाकला आहे.

पाय झाले, फुप्फुस झालं. आता खुद्द बर्फ. या ओळीत मालेगावकराचे दाणे शून्य असणार आणि त्यात कमीपणा नाही. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली आवळायचा लोखंडी सांगाडा, दहा-बारा अणकुचीदार दात्यांचा. सपाटीवरच्या चालण्याची आपली सगळी सवय त्याला वैरीण वाटते. आपण पाऊल टाकताना एक पाय दुसऱ्याला जवळजवळ घासून नेतो. क्रॅम्पॉन घालून तसं केलं की उजव्या पायाचा दात डाव्या पोटरीवरच्या कापडात अडकतो आणि माणूस स्वतःच्याच पायात पाय घालून आडवा होतो. म्हणून गुडघ्यांत अंतर राखून, प्रत्येक पाऊल सपाट आपटून, पाठीवर ज्वारीचं पोतं असल्यासारखं चालावं लागतं. आइस ॲक्सचं तसंच. घसरलो तर पालथं होऊन, कुऱ्हाड छातीशी आडवी धरून, तिचं टोक अंगाच्या वजनानं बर्फात रुतवायचं, हे वाचायला एक ओळ लागते. घसरायला लागल्यापासून ते करण्याची मुभा मात्र एक-दोन सेकंदांची, आणि त्या वेळात ओळ आठवत नाही. हाताला सवय असेल तरच हात चालतो. कित्येक सहलींत शिखराच्या आदल्या दिवशी दुपारी दोन तास 'प्रशिक्षण' असतं. पोहायला शिकवायचा मुहूर्त विहिरीत उडी मारायच्या आदल्या दिवशी काढण्यापैकी हे आहे.

आणि भेगा. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात हे आपल्याला नवं नाही. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा, कडेनं माती सुटलेली, आत गारवा. पण काळी माती प्रामाणिक असते, ती भेग पडली की दाखवते. हिमनदी ही नावाप्रमाणं नदीच आहे, ती उतारानं सरकते. वळणावर, कड्यावर तिचं अंग ताणतं आणि चिरतं, अन् मग वर नवा बर्फ पडून ती चीर झाकली जाते. वरून पांढरं, गुळगुळीत, निरागस. त्यावर चालताना माणसं एका दोराला दहाएक मीटरच्या अंतरानं बांधून घेतात, आणि सगळी कला त्या दोराच्या ताणात असते. सैल सोडला तर पडणारा तेवढा जास्त खोल जातो आणि झटका तेवढा मोठा बसतो. ताठ ओढला तर पुढचा चालू शकत नाही. कासरा धरलेल्या माणसाला हे सांगायला नको. पण बैलाच्या कासऱ्याचं एक टोक आपल्या हातात असतं, हवं तेव्हा सोडता येतं. इथं दोन्ही टोकांना माणसं बांधलेली असतात.

म्हणूनच 'गाइड आहे ना बरोबर, आपल्याले काय होते!' हा युक्तिवाद टिकत नाही. गाइड वाट दाखवेल, दोर लावेल, भेगेतून ओढून काढेल. तुमच्या वाटचा श्वास तो घेऊ शकत नाही, तुमचा पाय तो टाकू शकत नाही. आणि त्याचे हात दोनच आहेत. एका दोरावर किती जण, हा प्रश्न कंपनीला सर्वांत आधी विचारावा, जेवणात पोळी असेल का याच्याही आधी. माँ ब्लाँवर एका गाइडमागं साधारण दोन पाहुणे घेतात. सोप्या हिमनदीवर ते तीन-चार असतात. पंधरा जणांच्या जथ्याला दोन गाइड असतील तर तुमचा खरा गाइड तुमच्या पुढं बांधलेला पुसदचा वकील आहे, आणि त्याच्या 'पूर्वानुभव' या रकान्यातही 'भरपूर'च लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. तुमचा अनुभव ही मग तुमची खासगी बाब उरत नाही, ती दोरावरच्या सगळ्यांची सामाईक विहीर होते. दुसरा प्रश्न जरा अवघड जागेचा: मागच्या वर्षी किती जणांना शिखराच्या आधी परत फिरवलं? जी कंपनी अभिमानानं 'एकालाही नाही, शंभर टक्के यश' म्हणेल तिच्यापासून चार हात लांब. सोयाबीनच्या प्रमाणित पिशवीच्या लेबलावरही किमान उगवण सत्तर टक्केच लिहितात. शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्या बियाणेवाल्याकडं ज्या नजरेनं आपण बघतो, तीच नजर इथं वापरावी.

एवढं करून निवड कशी करायची, याचं उत्तर पुन्हा शेतातच आहे. सोयाबीनच्या जेएस ३३५ या वाणावर वर्षानुवर्षं भरवसा ठेवलेला शेतकरी फुले संगम हे वाण लावायचं ठरवतो तेव्हा पहिल्या वर्षी एखाद्या एकरात लावतो. त्याच वर्षी खतही बदलत नाही, पेरणीयंत्रही बदलत नाही, कारण काही बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळायला हवं. सहलीतही एका वेळी एकच गोष्ट नवी असावी. उंची नवी असेल तर वाट पायांच्या ओळखीची असू द्या: चार-साडेचार हजार मीटरची एखादी खिंड, बर्फ नसलेल्या दिवसांत. बर्फ नवा असेल तर उंची आधी पचवलेली असू द्या. दोर, बर्फ, उंची, थंडी, तंबू आणि पाठीवरचा बोजा, सगळंच एका सहलीत पहिल्यांदा भेटणार असेल, तर ती सहल कितीही 'मध्यम' असो, तुमच्यासाठी ती अवघडच आहे. तुमच्या शेजाऱ्यासाठी तीच सोपी असू शकेल. त्याचं पोतं वेगळं, त्याचे दाणे वेगळे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की शिकून-सवरून गेलेलीही माणसं डोंगरात दगावतात. हे खरं आहे आणि इथं विनोदाला जागा नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा पुढच्या पायरीचा अभ्यासक्रम द्रौपदी का दांडा २ या ५६७० मीटरच्या शिखराकडं निघाला असताना हिमस्खलन झालं. २९ प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक परत आले नाहीत. त्यांच्याजवळ अनुभव होता, साधनं होती, शिकवणारे नामांकित होते. अनुभवाचा कंस भरल्यानं डोंगर सुरक्षित होत नाही; जे आपल्या हातात आहे तेवढं चुकत नाही, इतकंच. शेतकऱ्याला हा हिशेब माहीत आहे. उगवण तपासून, पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस पडू देऊन, वाफसा बघून पेरलं तरी गारपीट व्हायची ती होते. म्हणून कोणी न तपासलेलं बियाणं पेरत नाही. फरक इतकाच, की रानात दुबार पेरणी करता येते.

आणि 'आपण सपाटीची, उन्हातली माणसं, आपल्याला हे जमायचंच नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी चंद्रपूर आहे. उष्णतेच्या बातम्यांत दर उन्हाळ्यात ज्याचं नाव वर असतं त्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधून गाळत गाळत निवडलेली दहा आदिवासी मुलं-मुली 'मिशन शौर्य'मध्ये एव्हरेस्टला गेली आणि मे २०१८ मध्ये त्यातली पाच माथ्यावर पोचली: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे, विकास सोयाम. या गोष्टीतला माथा सगळे सांगतात. मला त्यातला क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी खडक, मग दार्जिलिंगचं प्रशिक्षण, मग लेहची थंडी, आणि प्रत्येक टप्प्यावर गाळणी. एवढं होऊनही दहातले पाच. पन्नास टक्के उगवण, आणि तरी महाराष्ट्रानं त्यांचा सत्कार केला, कारण उरलेल्या पाच जणांचं परत फिरणं हेही त्याच शिक्षणातलं होतं. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. स्थापना १९८२, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली आठ जण एव्हरेस्टवर पोचले ते २०१२ मध्ये. मधली तीस वर्षं कोणाच्या फोटोत येत नाहीत.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि खरं सांगायचं तर हाच एक आक्षेप मालेगावात निरुत्तर करतो. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग, पहलगाम इथल्या सरकारी गिर्यारोहण संस्थांचा पायाभूत अभ्यासक्रम हा या सगळ्या गोंधळावरचा खरा उपाय. उत्तरकाशीचा अठ्ठावीस दिवसांचा: आधी टेखल्याच्या खडकावर, मग डोक्रियानी बामकवर. बामक म्हणजे गढवाली बोलीत हिमनदीच. रोज पाठीवर ओझं, रोज दोर, आणि शेवटी प्रतवारी; 'अ' मिळाला तरच पुढच्या पायरीचं दार उघडतं. म्हणजे तुमच्या अनुभवाचा कंस तिथं दुसराच कोणी भरून देतो, शिक्क्यासह. पण या अभ्यासक्रमांचे हंगाम साधारण मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनला पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला सोंगणी. हिमालयाचं आणि सोयाबीनचं पंचांग एकाच भटजीनं काढल्यासारखं तंतोतंत जुळतं. मास्तर मंडळींचं बरं आहे, विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. बाकीच्यांनी घरात बोलणी करून बघावीत. "सोंगणीच्या दिवसांत अठ्ठावीस दिवस बर्फावर चालणं शिकायला जातो" हे वाक्य आईसमोर, भावासमोर आणि मळणीयंत्रवाल्यासमोर एका दमात उच्चारता येतं का, ते आधी पाहावं. साडेपाच हजार मीटरवर लागणाऱ्या श्वासाची चाचणी तिथंच होऊन जाते.